पुन्हा कोरी होणारी पाटी

प्रस्तावना

हात मोडला, गुडघा सुजला किंवा आठवडे उलटले तरी खोकला हटला नाही, की डॉक्टर 'एक्स-रे काढून आणा' असे सांगतात. रुग्ण क्ष-किरण विभागात जातो, एका चपट्या पेटीसमोर क्षणभर श्वास रोखून उभा राहतो आणि थोड्या वेळाने हातात पाकीट घेऊन बाहेर पडतो. पाकिटावर त्याचे नाव लिहिलेले असते. आतील चित्र आपलेच आहे, याविषयी त्याच्या मनात शंकाही येत नाही. परंतु ज्या पेटीने ते चित्र टिपले, तिने त्याच दिवशी सकाळपासून आणखी कित्येकांची चित्रे टिपलेली असतात. एकाचे चित्र दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून कोणती व्यवस्था केलेली असते आणि त्या व्यवस्थेत यंत्राचा वाटा किती व माणसाचा किती, हे या पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर आपण –
• क्ष-किरणांची फिल्म आणि पुन्हा वापरता येणारी प्लेट यांतील फरक सांगू शकाल;
• प्लेटमध्ये प्रतिमा कशी साठते आणि कशी वाचली जाते, हे स्वतःच्या शब्दांत लिहू शकाल;
• प्लेटला क्रमांक देण्याची गरज उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• माहितीपर लेखनातील कर्मणी रचना ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. फिल्मकडून प्लेटकडे

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन या शास्त्रज्ञाला एका नव्या प्रकारच्या किरणांचा शोध लागला. या किरणांचे स्वरूप अज्ञात होते; म्हणून गणितात अज्ञात राशीसाठी जे अक्षर वापरतात, तेच त्याने त्यांच्या नावासाठी निवडले. मराठी बीजगणितात अज्ञात राशीला 'क्ष' म्हणतात, त्यामुळे मराठीत ते क्ष-किरण झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात राँटजेनने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

पुढे अनेक दशके क्ष-किरणांची चित्रे प्रामुख्याने फिल्मवर घेतली जात. फिल्मवर चांदीच्या संयुगाचा लेप असे. क्ष-किरण विभागाला लागून एक अंधारखोली असे आणि तेथे रसायनांत बुडवून फिल्म धुतली जाई. एकदा वापरलेली फिल्म दुसऱ्यांदा वापरता येत नसे. या पद्धतीत खर्च होता, रसायनांचा त्रास होता. पण एक सोयही होती. चित्र घेताना शिशाची अक्षरे ठेवून, किंवा फिल्म धुण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यावर प्रकाशाने छापून, रुग्णाचे नाव अथवा क्रमांक फिल्मवरच उमटवता येत असे. चित्र आणि नाव एकाच वस्तूवर कायमचे बसत. फिल्म म्हणजे शाईने लिहिलेला कागद होता.

१९८१ साली जपानमधील फुजी कंपनीने एक निराळी पद्धत जगापुढे मांडली आणि १९८३ मध्ये ती बाजारात आणली. 'कॉम्प्युटेड रेडिओग्राफी' हे तिचे नाव. रुग्णालयात तिला थोडक्यात 'सीआर' म्हणतात. या पद्धतीत फिल्मच्या जागी 'इमेजिंग प्लेट' आली. ही प्लेट हजारो वेळा वापरता येते. चित्र वाचून झाले की ते पुसले जाते आणि प्लेट पुढच्या रुग्णासाठी तयार होते. कागदाची जागा पाटीने घेतली.

२. पाटीवर काय लिहिले जाते?

इमेजिंग प्लेट दिसायला साधी असते. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर फिकट पांढऱ्या रंगाचा थर, एवढेच तिचे रूप. छातीच्या चित्रासाठी वापरली जाणारी मोठी प्लेट ३५ सेंटिमीटर रुंद व ४३ सेंटिमीटर लांब असते. लहान अवयवांसाठी १८ × २४ सेंटिमीटरसारखी लहान मापे असतात. ही प्लेट 'कॅसेट' नावाच्या चपट्या, बंद पेटीत ठेवलेली असते.

प्लेटवरील पांढऱ्या थरात बेरियम, फ्लोरिन आणि ब्रोमिन यांसारख्या मूलद्रव्यांच्या संयुगाचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांत युरोपियम या मूलद्रव्याचा अल्प अंश मिसळलेला असतो. शरीरातून आरपार आलेले क्ष-किरण या स्फटिकांवर पडले की काही इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून उडतात आणि स्फटिकातील रिकाम्या जागांमध्ये अडकून पडतात. जिथे अधिक किरण पोहोचले तिथे अधिक इलेक्ट्रॉन अडकतात; जिथे हाडाने किरण अडवले तिथे कमी. अशा रीतीने शरीराच्या अंतर्भागाची एक अदृश्य प्रतिमा प्लेटवर तयार होते.

ती वाचण्यासाठी कॅसेट वाचक-यंत्रात घातली जाते. यंत्र प्लेट बाहेर ओढून घेते आणि लाल लेसर प्रकाशाचा बारीक ठिपका तिच्यावरून ओळीओळीने फिरवते. लेसरचा धक्का बसताच अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि साठवलेली ऊर्जा निळसर प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रत्येक बिंदूपाशी किती प्रकाश निघाला, याची यंत्र मोजणी करते आणि त्या आकड्यांतून संगणकाच्या पडद्यावर प्रतिमा उभी राहते. त्यानंतर प्रखर प्रकाश टाकून प्लेटवरील उरलासुरला अंश पुसला जातो.

ऊर्जा साठवून ठेवणारे स्फटिक क्ष-किरण विभागात आणखी एका ठिकाणी आढळतात. तेथील कर्मचारी छातीवर एक लहानसा बिल्ला लावतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटयुक्त चकत्या असतात. ठरावीक काळाने बिल्ला प्रयोगशाळेत पाठवला जातो. तेथे चकत्या तापवल्या की त्यांतून प्रकाश निघतो आणि कर्मचाऱ्याच्या अंगावर किती किरणोत्सार पडला, हे त्या प्रकाशावरून कळते. प्लेट लेसरच्या प्रकाशाने बोलती होते, बिल्ला उष्णतेने. दोघांचे तत्त्व जवळचे आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) फिल्मला 'शाईने लिहिलेला कागद' असे का म्हटले आहे?
(आ) प्लेटवरील अदृश्य प्रतिमा दृश्य करण्यासाठी कशाचा उपयोग केला जातो?

३. कोऱ्या पाटीची अडचण

शाळेतील पाटीवर काही लिहिलेले आहे की नाही, हे पाहताक्षणी कळते. इमेजिंग प्लेटचे तसे नाही. जिच्यावर चित्र उमटले आहे ती प्लेट आणि पूर्ण कोरी प्लेट, दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात. शिवाय दोन्ही बंद कॅसेटमध्ये असतात. विभागात गर्दी असेल, बाकावर पंधरावीस रुग्ण ताटकळत असतील आणि टेबलावर पाच-सहा कॅसेट एकीवर एक पडल्या असतील, तर गोंधळ होण्यास वेळ लागत नाही.

हा गोंधळ मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला प्रकार अदलाबदलीचा. एकाची कॅसेट दुसऱ्याच्या नावावर वाचली गेली, तर निरोगी माणसाच्या पदरी आजार येतो आणि आजारी माणूस 'सर्व काही ठीक आहे' हा निरोप घेऊन घरी जातो. यातला दुसरा माणूस अधिक संकटात असतो. कारण त्याची चूक लवकर उघडकीस येत नाही.

दुसरा प्रकार दुबार वापराचा. चित्र घेतलेली, पण न वाचलेली कॅसेट कोरी समजून पुन्हा वापरली, तर एकाच प्लेटवर दोन चित्रे एकमेकांवर उमटतात आणि बहुधा दोन्ही वाया जातात. तेव्हा दोन्ही रुग्णांना पुन्हा बोलवावे लागते आणि त्यांच्या शरीरावर पुन्हा क्ष-किरण सोडावे लागतात. छातीच्या एका साध्या चित्रासाठी लागणारी मात्रा अल्प असते. निसर्गातील किरणोत्साराची काही दिवसांत जेवढी मात्रा प्रत्येकाला मिळतेच, साधारण तेवढी. तरीही 'गरजेपुरते आणि शक्य तितके कमी' हा किरणोत्सार-सुरक्षेचा मूळ नियम आहे. ज्यातून रुग्णाला काहीच लाभ होत नाही, अशी थोडी मात्रासुद्धा या नियमात बसत नाही.

तिसरा प्रकार विलंबाचा. अडकलेले इलेक्ट्रॉन कायमचे अडकून राहत नाहीत. ते हळूहळू आपोआप सुटत जातात. आठ तासांत साठलेल्या संकेताचा सुमारे चौथा हिस्सा विरून जाऊ शकतो. उलट, बरेच दिवस न वापरलेल्या प्लेटवर भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्साराचा थर चढतो. म्हणजे प्लेट कोणाची आहे याबरोबरच ती केव्हा वापरली आणि केव्हा पुसली, हेही ठाऊक असावे लागते.

४. क्रमांकाची साखळी

ज्या वस्तूवर नाव लिहून ठेवता येत नाही, तिला क्रमांक द्यावा आणि नाव क्रमांकाला जोडावे, हा या अडचणीवरील उपाय आहे. तो रुग्णालयाबाहेरही परिचित आहे. धोब्याकडे दिलेल्या कपड्यावर मालकाचे पूर्ण नाव नसते, एक खूण असते. ती कोणाची, हे धोब्याला ठाऊक असते. क्ष-किरण विभागात धोब्याच्या स्मरणशक्तीचे काम संगणक करतो.

प्रत्येक प्लेटला तिचा स्वतःचा क्रमांक असतो. काही कंपन्यांच्या प्लेटवर तो बारकोडच्या, म्हणजे जाड-बारीक काळ्या रेषांच्या स्वरूपात छापलेला असतो आणि कॅसेटला ठेवलेल्या छोट्या खिडकीतून तो दिसतो. बारकोडची आज सर्वत्र दिसणारी पद्धत बाजारपेठेतून आली. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय या गावच्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरील असा बारकोड प्रथमच गिऱ्हाइकाच्या खरेदीत वाचला गेला. इतर काही कंपन्या कॅसेटमध्ये एक चिप बसवतात. या चिपला स्वतःची बॅटरी लागत नाही. वाचणाऱ्या उपकरणाकडून येणाऱ्या रेडिओलहरींतूनच तिला पुरेशी ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक कळवते. काही चिपमध्ये रुग्णाचा तपशीलही तात्पुरता साठवता येतो.

कामाचा क्रम साधारणपणे असा असतो. रुग्णाची नोंदणी होताच त्याला एक ओळख-क्रमांक मिळतो आणि त्याचे नाव क्ष-किरण विभागाच्या संगणकावरील कामाच्या यादीत येते. तंत्रज्ञ यादीतील ते नाव निवडतो आणि हाती घेतलेल्या कॅसेटचा क्रमांक उपकरणाने वाचून घेतो. त्या क्षणी रुग्ण आणि प्लेट यांची गाठ बांधली जाते. पुढे चित्र घेतल्यावर कॅसेट वाचक-यंत्रात जाते, तेव्हा यंत्र तोच क्रमांक पुन्हा वाचते, गाठ तपासते आणि तयार झालेल्या प्रतिमेवर रुग्णाचे नाव, तारीख व तपासणीचा प्रकार यांची नोंद करते. प्लेट पुसली गेली की गाठ सुटते. ज्या क्रमांकाची कोणाशीच गाठ बांधलेली नाही, अशी कॅसेट आत आली, तर त्या प्रतिमेला नाव मिळत नाही. ती कोणाची हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

यानंतर प्लेट कोरी होते, पण तिची आठवण उरते. वैद्यकीय प्रतिमांच्या देवाणघेवाणीसाठी जगभर 'डायकॉम' हे मानक वापरले जाते. त्यात रुग्णाचे नाव आणि तारीख यांच्याप्रमाणेच प्लेटचा क्रमांक व कॅसेटचा क्रमांक नोंदवण्यासाठीही स्वतंत्र जागा ठेवलेल्या आहेत. त्यामुळे कोणती प्रतिमा कोणत्या प्लेटवर घेतली होती, हे वर्षानंतरही शोधता येते.

पाठगत प्रश्न २
(अ) वापरलेली प्लेट आणि कोरी प्लेट यांतील फरक डोळ्यांनी का ओळखता येत नाही?
(आ) रुग्ण आणि प्लेट यांची 'गाठ' केव्हा बांधली जाते व केव्हा सुटते?

५. पांढऱ्या ठिपक्याची गोष्ट

वर्षानंतर असा शोध घेण्याची गरज का पडावी, हे एका उदाहरणावरून समजेल.

समजा, स्तनांच्या तपासणीसाठी घेतलेल्या प्रतिमेत डॉक्टरांना एक बारीक पांढरा ठिपका दिसला. स्तनातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण प्रतिमेत पांढरे दिसतात. असे कण बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण त्यांची काही ठेवण कर्करोगाची पहिली खूण असू शकते. म्हणून डॉक्टर ठिपक्याकडे दुर्लक्ष करू शकत नाहीत. परंतु प्लेटवर धुळीचा कण बसला असेल किंवा चरा पडला असेल, तर त्या बिंदूपासून निघणारा प्रकाश अडतो आणि प्रतिमेत तिथेही पांढराच ठिपका किंवा पांढरी रेघ उमटते. ठिपका स्तनातला की प्लेटवरचा, हे एकाच प्रतिमेवरून सांगणे कधी कधी फार अवघड जाते. दरम्यान त्या स्त्रीच्या घरातील सर्वांची झोप उडालेली असते.

अशा वेळी प्लेटचा क्रमांक साक्षीदार म्हणून उभा राहतो. त्याच प्लेटवर त्याआधी व त्यानंतर घेतलेल्या इतर स्त्रियांच्या प्रतिमा संगणकावर काढून पाहिल्या जातात. वेगवेगळ्या शरीरांच्या प्रतिमांत तोच ठिपका त्याच जागी दिसला, तर दोष प्लेटचा आहे, असा निष्कर्ष निघतो. तो ठिपका इतर कोणत्याच प्रतिमेत नसेल, तर पुढील तपासणी विनाविलंब हाती घेतली पाहिजे, हे स्पष्ट होते. दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. पहिले उत्तर नाहक भीती टाळते, दुसरे नाहक दिरंगाई.

क्रमांकामुळे प्लेटचा संपूर्ण जीवनक्रम डोळ्यांसमोर राहतो. ती किती वेळा वापरली, शेवटची केव्हा स्वच्छ केली, तिच्यावरील किती प्रतिमा नापसंत ठरून पुन्हा घ्याव्या लागल्या, याचा हिशेब ठेवता येतो. यंत्राच्या आत प्लेट रुळांमधून सरकते. वारंवार वाकल्याने व घासल्याने तिच्या कडांना तडे जातात आणि हळूहळू ते मध्यभागाकडे पसरतात. नोंद असेल, तर अशी प्लेट योग्य वेळी बाजूला काढता येते. चोवीस तासांहून अधिक काळ न वापरलेली प्लेट वापरण्यापूर्वी पुसून घ्यावी, असा दंडक आहे. कोणत्या प्लेट तशा पडून आहेत, हेही नोंदींवरून समजते. हा सारा हिशेब वहीत ठेवता येणार नाही असे नाही. पण गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी मागे पडते ती वहीच. यंत्र मात्र प्रत्येक वाचनाबरोबर आपोआप एकेक नोंद करीत जाते.

६. यंत्राला न कळणाऱ्या गोष्टी

अशी व्यवस्था असली की चूक होणारच नाही, असे समजणे धोक्याचे आहे. यंत्र क्रमांक ओळखते, माणूस ओळखत नाही. यादीत 'सुनीता पाटील' या नावाच्या दोन स्त्रिया असल्या आणि तंत्रज्ञाने चुकीच्या नावावर बोट ठेवले, तर यंत्र ती चूक तितक्याच चोखपणे नोंदवून ठेवील. चुकीचे नाव सुबक अक्षरांत छापून आले, की त्यावर शंका घेणेही कठीण होते.

स्वच्छतेच्या वेळी दुसरा धोका असतो. जिथे क्रमांकाची चिप कॅसेटमध्ये असते, तिथे दोन कॅसेट एकाच वेळी उघडून पुसल्या आणि प्लेटची अदलाबदल झाली, तर चिपवरील क्रमांक एका प्लेटचा आणि आतील प्लेट दुसरीच, असे होते. त्यानंतर त्या प्लेटचा सारा इतिहास चुकीचा ठरतो. म्हणून एका वेळी एकच कॅसेट उघडावी, हे उत्तम. शरीराची डावी व उजवी बाजू दर्शविणारी शिशाची अक्षरे चित्र घेतानाच ठेवावी लागतात. ते कामही माणसाचेच आहे.

रुग्णही या साखळीचा एक दुवा आहे. तंत्रज्ञाने नाव विचारले असता केवळ मान न हलवता स्वतःचे पूर्ण नाव आणि वय सांगावे. कोणत्या अवयवाचे व कोणत्या बाजूचे चित्र घ्यावयाचे आहे, हे चिठ्ठीशी ताडून पाहावे. स्त्रीला गर्भधारणेची शक्यता वाटत असेल, तर तिने ते आधीच सांगावे. पाकीट हाती आल्यावर त्यावरील नाव व तारीख वाचावी. जुनी चित्रे जपून ठेवावीत. ती उपलब्ध असली, तर पुन्हा चित्र काढण्याची वेळ काही वेळा टळते. भारतात क्ष-किरण उपकरणांच्या सुरक्षित वापरावर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. तरीही प्रत्येक खोलीत, प्रत्येक चित्राच्या वेळी कोणतेही मंडळ हजर राहू शकत नाही. तेथे हजर असतात ते तंत्रज्ञ आणि रुग्ण.

७. समारोप

अनेक मोठ्या रुग्णालयांत आता कॅसेटऐवजी थेट संगणकाकडे प्रतिमा पाठवणारे सपाट फलक आले आहेत. त्यांनाही क्रमांक असतो आणि त्यांच्याही नोंदी ठेवाव्या लागतात. मात्र हे फलक महाग असल्याने, आणि जुन्या क्ष-किरण यंत्राबरोबरच वापरता येत असल्यामुळे, कॅसेट व प्लेट अजूनही अनेक दवाखान्यांत सेवेत आहेत.

पाटी पुसली जाते, हाच तिचा उपयोग आहे. पण तिच्यावर जे उमटले होते ते कोणाचे, केव्हाचे आणि किती विश्वासार्ह, हे पुसले जाऊन चालत नाही. क्रमांक, बारकोड आणि चिप ही त्यासाठी योजलेली साधने आहेत. पडद्यावरील काळ्या-पांढऱ्या छायेमागे एक विशिष्ट माणूस आहे, याचे भान ठेवून ती वापरली, तरच ती आपले काम करतात.

पाठान्त प्रश्न

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) राँटजेनने शोधलेल्या किरणांना मराठीत क्ष-किरण हे नाव का पडले?
(आ) क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्याचा उपयोग कोणता?

२. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) प्लेटच्या वापरात होणारे तीन प्रकारचे गोंधळ कोणते?
(आ) 'प्लेटचा क्रमांक साक्षीदार म्हणून उभा राहतो' हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

३. 'यंत्र क्रमांक ओळखते, माणूस ओळखत नाही.' या वाक्याविषयी आपले मत लिहा. रेशन दुकान, बँक, टपाल कार्यालय यांपैकी एका ठिकाणचे उदाहरण द्या.

४. भाषाभ्यास
'तंत्रज्ञ कॅसेट यंत्रात घालतो' हे वाक्य कर्तरी रचनेचे आहे. 'कॅसेट यंत्रात घातली जाते' हे कर्मणी रचनेचे आहे. कृती कोणी केली यापेक्षा ती कशी होते हे महत्त्वाचे असेल, तेव्हा माहितीपर लेखनात कर्मणी रचना वापरतात. पाठातून अशी चार वाक्ये शोधून त्यांची कर्तरी रचना करा.